फाळणी आणि आपले शेजारी



फाळणी हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत काही परका नाही. भावाभावांत वाटणी ठरली की मोजणीदार येतो, खुणा रोवतो, पोटहिस्से पाडतो, आणि एका गटाचे दोन होतात. पण गावची वाटणी करताना आपण काय काय बघतो, ते जरा आठवा. गावातली चार जाणती माणसे बसतात. विहीर कुणाच्या हिश्श्यात गेली, तर दुसऱ्याची पाण्याची पाळी ठरवून देतात. बांधाच्या पलीकडे जायची वाट कुठून, ते लिहून ठेवतात. म्हातारी आई कुणाकडे राहणार, हेही विचारतात. रेघ ओढणे हे त्यातले सगळ्यात सोपे काम. पाणी, वाट आणि माणूस यांची सोय लावणे हे खरे काम. ते राहून गेले, तर पुढची तीन पिढ्यांची भांडणे त्या बांधावर उगवतात.

१९४७ साली आपल्या देशाची फाळणी झाली, तेव्हा हे दुसरे काम राहून गेले. सिरिल रॅडक्लिफ नावाच्या एका इंग्रज वकिलाला ही रेघ ओढायला बोलावले होते. गृहस्थ त्यापूर्वी हिंदुस्थानात कधी आलेले नव्हते. त्यांच्या हाती पाचएक आठवडे होते. १५ ऑगस्टला स्वातंत्र्य आले आणि नेमकी हद्द कुठून जाते हे लोकांना कळले १७ ऑगस्टला. म्हणजे दोन दिवस लाखो माणसांना आपले गाव कोणत्या देशात आहे हेच ठाऊक नव्हते! पुढच्या काही महिन्यांत सव्वा ते दीड कोटी माणसे घरेदारे सोडून निघाली. किती मेली याचा हिशेब आजही लागलेला नाही. कुणी दोन लाख सांगतात, कुणी दहा लाख, कुणी त्याहून जास्त.

आता आपल्यापैकी कुणी म्हणेल, "गुरुजी, हे झालं तिकडे पंजाबात आणि बंगालात. आपला त्याच्याशी काय संबंध?" संबंध फार जवळचा आहे. मी बदलापूरच्या पश्चिमेला, उल्हास नदीच्या बाजूला हेंद्रेपाड्यात राहतो. बदलापूरला गाडीत बसून कल्याणकडे निघालो की पहिले स्टेशन अंबरनाथ आणि दुसरे उल्हासनगर. फाळणी आमच्यापासून दोन स्टेशनांवर उतरली आणि तिथेच राहिली. तिचीच गोष्ट आज सांगायची आहे.

त्यासाठी आधी थोडे सिंधकडे जायला हवे. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. तेव्हापासून १९३६ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, कराची आणि ठाणे, हैदराबाद-सिंध आणि रत्नागिरी हे एकाच इलाख्याचे भाग होते. कराचीचे विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. मराठी कारकून, शिक्षक, इंजिनियर बदलून तिकडे जात आणि तिथेच घर करून राहत.

शिक्षक मित्रांनी एक नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी गृहस्थ शिक्षणखात्यातर्फे सिंधमध्ये डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर म्हणून गेले. तिथल्या शाळा उभ्या करण्यात आणि सिंधी लिपीच्या कामात त्यांनी लक्ष घातले. कराचीतील १८५५ साली निघालेल्या सरकारी शाळेला पुढे त्यांचे नाव मिळाले. पाकिस्तान झाले, राज्ये बदलली, रस्त्यांची नावे बदलली, पण ती शाळा आजही एन. जे. व्ही. म्हणूनच ओळखली जाते. कराचीच्या मुलांच्या तोंडी आजही एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत.

सिंधची गोष्ट पंजाब-बंगालपेक्षा वेगळी आहे. पंजाबचे दोन तुकडे झाले, बंगालचेही झाले. निम्मा का होईना, आपल्या भाषेचा मुलूख तिथल्या हिंदूंना या बाजूला मिळाला. सिंध मात्र अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. प्रांताची वाटणी झाली नाही, त्यामुळे बारा-चौदा लाख सिंधी हिंदूंच्या वाट्याला जमिनीचा एक तुकडाही आला नाही. आपल्या राष्ट्रगीतात सिंध हे नाव आहे, पण नकाशावर बोट ठेवून 'हा आमचा' असे सांगायला जागा नाही.

बरे, हे लोक ऑगस्टमध्ये लगेच निघालेही नाहीत. सिंधमध्ये पंजाबसारखी कत्तल झाली नव्हती. तिथले हिंदू गुरू नानकांना मानत, झुलेलालला पूजत, आणि सूफी पिरांच्या दर्ग्यावरही डोके टेकत. उडेरोलाल येथे तर हिंदू आणि मुसलमान एकाच स्थानी आपापल्या रीतीने भक्ती करीत आले आहेत. "राज्ये बदलतात, गावे थोडीच बदलतात?" असे पुष्कळांना वाटत होते. पण तोवर हिंदुस्थानातून घरेदारे गमावलेले मुसलमान निर्वासित कराचीत येऊन उतरू लागले होते. तेही पोळलेले होते, त्यांनाही डोक्यावर छप्पर हवे होते. १७ डिसेंबर १९४७ ला हैदराबादेत आणि ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली. मग मात्र धीर सुटला. कुणी कराचीच्या बंदरातून बोटीने मुंबईला, काठेवाडला आले, कुणी रेल्वेने जोधपूर-मारवाडच्या वाटेने आले. त्या पिढीच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते : घराला कुलूप घातले आणि किल्ली शेजारच्या मुसलमानाकडे ठेवली. महिन्या-दोन महिन्यांत परत येऊ, असाच हिशेब होता.

मुंबईत उतरलेल्या या लोकांना ठेवायचे कुठे? दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपले आणि बराकी ओस पडल्या. त्याच बराकींत ही माणसे आणून उतरवली. सुमारे एक लाख माणसे! सोल्जरांसाठी बांधलेल्या त्या लांबच लांब खोल्या. त्यात मध्ये पोती, लुगडी, चादरी बांधून आडोसे केले. एका आडोशात एक कुटुंब. स्वयंपाक तिथेच, बाळंतपण तिथेच, आजारपण तिथेच. नळावर रांगा. ज्यांच्या घरी नोकरचाकर होते आणि ज्यांच्या घरी काहीच नव्हते, ती दोन्ही माणसे हातात बादली घेऊन एकाच रांगेत उभी राहिली.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. नाव दिले आपल्या उल्हास नदीचे. सिंधू नदीवरून ज्यांच्या प्रांताला आणि ज्यांच्या भाषेला नाव पडले, ते लोक उल्हास नदीच्या नावाच्या गावात राहू लागले. झुलेलाल हे त्यांचे जलदैवत. पूजा करायची तर पाणी हवेच. तेव्हा सिंधूच्या ठिकाणी आपली उल्हास आली. लोकांच्या तोंडी मात्र अजून 'कॅम्प'च आहे. "कुठे चाललास?" "कॅम्प तीनला." पत्त्यांत अजून बराक नंबर लिहितात.

महाराष्ट्रात असे कॅम्प आणखीही होते. पुण्याजवळ पिंपरीला होता, मुंबईत चेंबूरला, मुलुंडला होता. कोल्हापूरजवळ वळिवड्याला तर युद्धकाळात, १९४३ पासून, पोलंडचे हजारो निर्वासित राहत होते. ते गेले आणि त्यांच्या जागी सिंधी आले. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात, आणि दक्षिण महाराष्ट्रातले किती तरी कापड दुकानदार तिथून माल भरतात. एकाच छावणीने दोन खंडांतले निर्वासित पाहिले.

आता या माणसांनी पुढे काय केले, ते बघण्याजोगे आहे. आपण त्यांना 'निर्वासित' म्हणत होतो. त्यांना तो शब्द खुपे. "आम्ही परमुलखात आश्रय मागायला आलेलो नाही, देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात आलो आहोत," असे त्यांचे म्हणणे. हिंदीत 'शरणार्थी' हा शब्द होता, त्याच्या जागी या लोकांनी 'पुरुषार्थी' हा शब्द सुचवला. शब्द शोभतो तसे ते वागलेही. बायांनी पापड लाटले, लोणची घातली. पोरे लोकलगाड्यांत गोळ्या-बिस्किटे, पेन्सिली, साबण विकू लागली. थोडक्या नफ्यावर माल फिरवायचा, आणि पुन्हा त्याच पैशाचा माल भरायचा, हा त्यांचा शिरस्ता. बराकीच्या पुढच्या भागात दुकान निघाले, मागच्या भागात कारखाना. पुढे कापड, फर्निचर, जीन्स यांच्या बाजारासाठी उल्हासनगर दूरवर माहीत झाले. इथल्या मालावर 'मेड इन यू. एस. ए.' असा शिक्का असे आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद आपण सगळ्यांनी ऐकला आहे. विनोद खरा-खोटा कसाही असो, त्यात थोडी असूया आणि थोडे कौतुक दोन्ही आहे. पोट भरू लागताच त्यांनी कॉलेजे काढली. १९६१ साली तलरेजा कॉलेज निघाले, १९६५ साली चांदीबाई कॉलेज. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, कर्जतकडची किती तरी मराठी मुले त्या कॉलेजांत शिकून पदवीधर झाली. १९६० साली तिथे नगरपालिका आली, १९९६ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत त्या तेरा चौरस किलोमीटरांच्या गावात पाच लाखांवर माणसे मोजली गेली.

पण एवढेच सांगून थांबलो, तर हिशेब अर्धा राहील. सरकारने १९५० साली दाव्यांचा आणि १९५४ साली भरपाईचा कायदा केला. ज्यांच्याकडे तिकडच्या मालमत्तेचे कागद होते त्यांचे दावे लागले, पण जीव वाचवून पळताना कागद कुणी किती आणले असतील? कॅम्पातल्या जागांची मालकी, तिची सनद, हा उल्हासनगरात अजून घरोघरचा विषय आहे. दाटीवाटीने, परवानगीवाचून इतके बांधले गेले की २००६ साली राज्याला त्या एका शहरासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपली वालधुनी नदी, जिच्या काठी अंबरनाथचे साडेनऊशे वर्षांपूर्वीचे शिवमंदिर उभे आहे, ती कारखान्यांच्या सांडपाण्याने काळी झाली. घाईत वसवलेल्या गावाची ही किंमत आहे, आणि ती तिथले व आसपासचे सगळेच मोजत आहेत.

आणखी एका बाजूचा उल्लेख क्वचितच होतो. कल्याणच्या परिसरात युद्धकाळात लष्कराने ज्या जमिनी घेतल्या, त्या कुणाच्या होत्या? आपल्याच आगरी-कुणबी शेतकऱ्यांच्या. इथून जवळच नेवाळीला युद्धकाळात विमानतळ झाला. युद्ध संपले, विमाने गेली, पण जमीन परत मिळाली नाही, असे तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. २०१७ च्या जून महिन्यात त्याच जमिनीवरून आंदोलन पेटले, गाड्या जळल्या, पोलीस आणि शेतकरी दोघेही जखमी झाले. फाळणीशी त्यांचा सरळ संबंध नाही, हे खरे. पण मोठी राज्ये आपले हिशेब करतात तेव्हा ज्याला कुणी विचारत नाही, असा माणूस सिंधमध्ये होता तसा नेवाळीतही होता. एकाची बोट सुटली, दुसऱ्याचे शेत सुटले. या दोघांनी एकमेकांकडे वैऱ्याच्या नजरेने बघावे असे त्यात काही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धर्मावर रेघ ओढली, म्हणजे प्रश्न सुटला का?

कराचीचेच बघा. एक धर्म, एक देश झाला. पण हिंदुस्थानातून गेलेले उर्दू बोलणारे मुहाजिर आणि मूळचे सिंधी मुसलमान यांच्यात भाषेवरून १९७२ साली दंगली झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, पूर्व पाकिस्तान वेगळा होऊन बांगलादेश झाला. धर्म तोच होता, पण भाषा आणि भाकरी यांचा प्रश्न धर्माने झाकला गेला नाही. दूरच्या आयर्लंडची इंग्रजांनी १९२१ साली अशीच फाळणी केली. तिथेही उत्तरेकडच्या तुकड्यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट शेजारी १९९८ च्या करारापर्यंत तीस वर्षे रक्त सांडत राहिले.

आणि आपल्याकडे? भिवंडी, कल्याण, पडघा इथले कोकणी मुसलमान फाळणीच्या वेळी बहुतांशी आपापल्या घरीच राहिले. त्यांची बोली आपली, शेते इथली, पूर्वजांची माती इथली. ते कुठे जाणार? तरीही फाळणीने रुजवलेला संशय मधूनमधून डोके वर काढतच राहिला. १९७० आणि १९८४ साली भिवंडीत दंगली झाल्या. एकाच बाजारात देवघेव करणारी माणसे एकमेकांना भिऊ लागली. रेघ दिल्ली-कराचीच्या मध्ये होती, पण तिचे चटके भिवंडीच्या यंत्रमागांपर्यंत आले.

सुरुवातीला मी वाटेची गोष्ट केली, तिचे काय झाले तेही सांगतो. १९४७ साली रेघ ओढली तेव्हा येण्याजाण्यावर बंदी नव्हती. १९४८ च्या जुलैत परमिट आले. १९५२ साली पासपोर्ट आले. राजस्थान-सिंधमधली खोकरापारची रेल्वे १९६५ च्या युद्धात बंद झाली. २००६ साली ती वाट पुन्हा उघडली, थर एक्स्प्रेस धावू लागली, म्हातारी माणसे बहिणीला, आतेभावाला भेटून आली. २०१९ साली तीही थांबली आणि अजून थांबलेलीच आहे. बांध दर काही वर्षांनी उंच होत गेला, आणि किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून आलेली पिढी वाट बघता बघता संपत आली.

तिच्याबरोबर भाषाही चालली आहे. सिंधी भाषेला १९६७ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, हे चांगलेच झाले. पण ज्या भाषेला स्वतःचे राज्य नाही, तिचा व्यवहार कुठे चालणार? त्यात लिपीचा पेच. आजोबा अरबी वळणाची सिंधी लिहीत, इथे आल्यावर देवनागरीचीही सोय झाली, आणि नातू शिकला इंग्रजीत. आजोबांची वही घरात आहे, पण ती वाचणारा घरात नाही, अशी कुटुंबे उल्हासनगरात पुष्कळ आहेत. माझ्या वर्गात तिथून येणारी मुले मराठी फर्डी बोलतात, हिंदी बोलतात, आणि सिंधीत मात्र 'समजते, बोलता येत नाही' म्हणतात. हे ऐकून आपण मराठी माणसांनी जरा थबकले पाहिजे. भाषा गमावणे म्हणजे काय, हे बघायला आपल्याला लांब जायला नको.

मित्रहो, घर मोडलेल्या माणसाला तीन गोष्टी लागतात. पहिले छप्पर, ते सरकारने दिले, कमी-जास्त दिले. दुसरे काम, ते त्यांचे त्यांनी उभे केले. तिसरा शेजार. तो सरकारला देता येत नाही आणि एकट्याने मिळवताही येत नाही. तो देणे आपल्या हाती आहे. आपण किती दिला? व्यवहार केला, उधारीवर माल आणला, दिवाळीला फराळ धाडला, हे खरे. पण पंचाहत्तर वर्षे उलटली तरी भांडणात 'निर्वासित' हा शब्द शिवीसारखा तोंडात येतो, हेही खरे. ज्याचा जन्म उल्हासनगरचा, ज्याच्या बापाचा जन्मही उल्हासनगरचा, तो कुठून निर्वासित झाला?

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. इतिहासाच्या पुस्तकात फाळणीचा भाग थोडक्यात आटोपतो आणि मुले सनावळ्या पाठ करतात. १९४७ साली जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या घरात आहे. आपल्या तालुक्यात, आपल्या बाजारपेठेत अशी माणसे अजून आहेत. मुलांना त्यांच्याकडे पाठवा. सिंध्याकडे पाठवा, नेवाळीच्या शेतकऱ्याकडे पाठवा, पडघ्याच्या एखाद्या कोकणी मुसलमान आजीकडेही पाठवा. तुमचे घर कसे होते, शेजारी कोण होते, निघताना किंवा राहताना काय ठरवले, एवढेच विचारायला सांगा. ऐकलेले वहीत लिहून आणू द्या. कुणाची चूक मोठी, हे त्या वहीत लिहायची गरज नाही.

शेतकरी बंधूंनाही एवढेच सांगायचे आहे. बांध कोरला तर काय होते, हे तुमच्याइतके कुणाला ठाऊक नाही. एखाद्या सभेत, एखाद्या चावडीवर कुणी उठून म्हणाला, "यांना तिकडे घालवा, त्यांना इकडे आणा, म्हणजे सगळं सुरळीत होईल," तर त्याला विचारा : वाट कुठून ठेवणार? पाण्याची पाळी कशी लावणार? म्हातारीला कुणाकडे ठेवणार? या तिन्हींचे उत्तर त्याच्याजवळ नसेल, तर त्याच्या हाती मोजणीची साखळी देऊ नका.